आईचे नाव : ओपस पुरस्कार, सेंट थॉमस विद्यापीठ आणि आयशा एश्-शन्ना

सन २००९च्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सेंट थॉमस या कॅथलिक विद्यापीठाच्या यजमानपदाखाली एक पुरस्कारसोहळा पार पडला. पुरस्काराची रक्कम दहा लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेचार कोटी रुपयांहून अधिक होती. तो स्वीकारणाऱ्या आयशा एश्-शन्ना या मोरोक्कोतील कासाब्लांका शहरातून आल्या होत्या. वयाची अडुसष्ट वर्षे त्यांनी पूर्ण केली होती, आणि त्या श्रद्धावान मुसलमान होत्या. कुमारी माता आणि तिचे मूल यांची ताटातूट होऊ द्यावयाची नाही, हे त्यांच्या आयुष्याचे कार्य. धर्मश्रद्धेतून उपजलेल्या मानवसेवेचा गौरव करणाऱ्या ओपस पुरस्काराच्या यादीत तोवर एकही मुसलमान नाव नव्हते.

ही घटना दोन धर्मांतील सौहार्दाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि ते रास्तच आहे. तथापि तेवढ्यावर थांबले तर तिच्यातील अधिक अवघड भाग दृष्टीआड होतो. सेंट थॉमसचे संस्थापक ज्या आयर्लंडमधून आले, त्या देशात कॅथलिक संस्थांनी कुमारी मातांच्या कुशीतून मुले काढून घेण्याचे काम अनेक दशके केले होते. जे काम करण्यात ख्रिस्ती धर्मसंस्थेचा एक भाग ठळकपणे चुकला, नेमक्या त्याच कामासाठी एका ख्रिस्ती विद्यापीठाने परधर्मीय स्त्रीचा सन्मान केला. सोहळ्यात हा संदर्भ कोणी मांडावा अशी अपेक्षा नव्हती. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तो टाळता येत नाही.

प्रथम पुरस्काराविषयी. ओपस या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘कार्य’. कॅथलिक जगात याच शब्दाने आरंभ होणारी ओपस देई नावाची सुप्रसिद्ध संघटना आहे. तिच्याशी या पुरस्काराचा संबंध नाही. नाव आले ते एका बांधकाम-उद्योगावरून. जेराल्ड रावेनहॉर्स्ट यांनी १९५३ मध्ये मिनेसोटात सुरू केलेला व्यवसाय पुढे ओपस या नावाचा मोठा उद्योगसमूह झाला. रावेनहॉर्स्ट हे सेंट थॉमसचेच माजी विद्यार्थी. १९९४ मध्ये पुरस्काराचे प्रतिष्ठान स्थापन झाले आणि २००४ पासून पुरस्कार दिले जाऊ लागले. (दैवयोग असा की आयशाबाईंना पुरस्कार मिळाला त्याच २००९ मध्ये, मंदीच्या तडाख्यात, ओपस समूहातील काही प्रादेशिक कंपन्यांनी दिवाळखोरीचा आश्रय घेतला. प्रतिष्ठानाचा निधी स्वतंत्र असल्यामुळे पुरस्काराला बाधा आली नाही.)

या पुरस्कारासाठी अर्ज करता येत नाही. ठिकठिकाणच्या जाणकारांकडून नावे गुप्तपणे मागविली जातात, परीक्षक त्यांतून मोजकी नावे निवडतात, आणि दरवर्षी एखादे कॅथलिक विद्यापीठ यजमानपद स्वीकारते. यजमानपद म्हणजे केवळ सभागृह व भोजन नव्हे. विद्यापीठाचे प्रतिनिधी, त्यांत विद्यार्थीही, प्रत्यक्ष त्या त्या ठिकाणी जाऊन कार्य पाहून येतात. २००९ मध्ये अंतिम यादीत आयशाबाईंबरोबर दोन नावे होती : ब्राझीलमध्ये व्यसनमुक्तीची शेते चालविणारे फ्रान्सिस्कन धर्मगुरू हान्स स्टापेल आणि कोलंबियात अपंग व निराधार मुलांचा सांभाळ करणाऱ्या धर्मभगिनी वालेरियाना गार्सिया-मार्टिन. दोघेही कॅथलिक, दोघांचेही कार्य मोठे. मुख्य पुरस्कार एखाद्या धर्मगुरूला वा धर्मभगिनीला देणे सर्वथा सोपे होते, आणि त्याचे कारण कोणी विचारलेही नसते.

कॅथलिक विद्यापीठाने कोणाचा गौरव करावा, हा प्रश्न त्या वर्षी अमेरिकेत विलक्षण तापलेला होता. त्याची मुळे जुनी आहेत. १९६७ मध्ये विस्कॉन्सिनमधील लँड ओ’लेक्स येथे जमलेल्या कॅथलिक शिक्षणधुरीणांनी विद्यापीठांच्या स्वायत्ततेचा जाहीरनामा काढला. १९९० मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी कॅथलिक विद्यापीठांविषयीच्या आपल्या आज्ञापत्रात त्यांचे धर्मसंस्थेशी असलेले नाते पुन्हा दृढपणे अधोरेखित केले. २००४ मध्ये अमेरिकेतील बिशपांनी असे सांगितले की, धर्माच्या मूलभूत नैतिक तत्त्वांविरुद्ध वर्तन करणाऱ्यांना कॅथलिक संस्थांनी सन्मान देऊ नयेत. आणि मे २००९ मध्ये नोत्र दाम विद्यापीठाने राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांना मानद पदवी दिली. गर्भपाताच्या प्रश्नावरील ओबामांच्या भूमिकेमुळे स्थानिक बिशप समारंभाला गेले नाहीत, आणि हार्वर्डच्या कायदेपंडिता मेरी अ‍ॅन ग्लेंडन यांनी त्याच समारंभात मिळावयाचे लेतारे पदक नाकारले.

सेंट थॉमसला स्वतःचाही एक ताजा अनुभव होता. २००७ मध्ये आर्चबिशप डेस्मंड टुटू यांना निमंत्रण न देण्याचा निर्णय विद्यापीठाने घेतला. इस्राएलविषयी त्यांनी काढलेले उद्‍गार हे कारण होते. गदारोळ झाला, अध्यक्षांनी आपला निर्णय चुकल्याचे मान्य करून निमंत्रण दिले, पण तोवर परिषद दुसऱ्या संस्थेकडे गेली होती. नोबेल पारितोषिक मिळालेल्या एका ख्रिस्ती धर्माचार्याच्या बाबतीत जे विद्यापीठ कचरले, त्यानेच दोन वर्षांनी इस्लामी देशातील एका वादग्रस्त समाजसेविकेसाठी व्यासपीठ उभारले. अनुभवातून संस्था शिकतात असे सरसकट म्हणता येत नाही. येथे मात्र तसे घडले असावे.

आयशाबाईंचा जन्म १९४१चा, कासाब्लांकातला. वडील लवकर वारले. आईने पुनर्विवाह केला आणि मायलेकी माराकेशला राहावयास गेल्या. मुलगी बारा वर्षांची होताच तिने शाळा सोडावी, बुरखा घ्यावा, असा सावत्र वडिलांचा आग्रह सुरू झाला. तेव्हा आईने मुलीला एकटीलाच बसमध्ये बसवून कासाब्लांकाला मावशीकडे धाडून दिले. फ्रेंच अमलाखालील मोरोक्कोत, १९५३च्या सुमारास, एका अशिक्षित समाजातील स्त्रीने घेतलेला हा निर्णय साधा नव्हता. आपल्या साऱ्या कार्याचा उगम आयशाबाई आईच्या त्या कृतीत शोधीत असत. पुढे लहान वयातच त्यांनी नोकरी धरली, १९६० मध्ये परिचारिकेची शासकीय पदविका मिळविली आणि आरोग्य खात्यात त्या काम करू लागल्या.

१९८१ मध्ये जे घडले ते त्यांनी पुढे असंख्य वेळा सांगितले आहे. स्वतःच्या बाळंतपणाची रजा संपवून त्या नुकत्याच कामावर परतल्या होत्या. घरी अंगावर पिणारे मूल होते. समाजसेविकेच्या कचेरीत एक तरुण मुलगी बाळाला पाजीत बसली होती. ती बाळ कायमचे सोडून देण्याच्या कागदावर अंगठा उठविण्यासाठी आलेली होती. कागदपत्र पुरे होताच तेथील बाईने बाळ तिच्या छातीपासून ओढून घेतले. दुधाची चिळकांडी बाळाच्या तोंडावर उडाली आणि ते किंचाळले. त्या रात्री आयशाबाईंना झोप लागली नाही. येथे ध्यानात घ्यावयाचे ते असे की कचेरीतील ती बाई क्रूर नव्हती; ती नियमानुसार वागत होती. विवाहाबाहेर जन्मलेले मूल आईपासून दूर करून संस्थेत ठेवणे हेच आईच्या व मुलाच्या हिताचे, अशी त्या व्यवस्थेची समजूत होती.

या समजुतीला कायद्याचे भक्कम कवच होते. मोरोक्कोच्या दंडसंहितेतील ४९०व्या कलमान्वये अविवाहित स्त्रीपुरुषांचा संबंध हा एक महिना ते एक वर्षापर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा ठरतो. पुरुष नामानिराळा राहू शकतो. गरोदर स्त्रीचे शरीर हाच तिच्याविरुद्धचा पुरावा होतो. त्याहून दूरगामी प्रश्न नावाचा. इस्लामी धर्मशास्त्रात पित्यापासून येणाऱ्या वंशसंबंधाला ‘नसब’ म्हणतात, आणि तो वैध विवाहातूनच सिद्ध होतो. नसब नाही तर आडनाव नाही, वारसा नाही, पोटगी नाही. २००२ मध्ये नागरी नोंदणीचा नवा कायदा झाला तेव्हा पिता अज्ञात असलेल्या मुलाची नोंद आईला करता येऊ लागली. तिने मुलाला नाव द्यावे, एक आडनाव निवडावे, आणि पित्याच्या रकान्यात ‘अब्द’ने आरंभ होणारे एखादे नाव घालावे. अब्द म्हणजे दास. अब्दुल्ला म्हणजे ईश्वराचा दास. हेतू मुलाला लाजिरवाण्या रिकाम्या जागेपासून वाचविण्याचा होता. परंतु कागदावर असा पिता उभा करावा लागतो जो कधी अस्तित्वातच नव्हता, आणि जी आई समोर उभी आहे तिच्या नावावर मुलाची ओळख पुरती टेकत नाही.

आयशाबाईंनी १९८५ मध्ये ‘सॉलिडारिते फेमिनीन’ ही संस्था स्थापन केली. आरंभीच्या दिवसांत त्यांना एका ख्रिस्ती धर्मभगिनीचे साहाय्य लाभले होते, ही गोष्ट सेंट थॉमसच्या संदर्भात विसरता कामा नये. संस्थेचे पहिले साधन म्हणजे स्वयंपाक. कुमारी माता कुसकुस व ताजीन शिजवीत, ते विकले जाई, आणि त्यांची मुले शेजारच्याच खोलीत सांभाळली जात. पुढे उपाहारगृहे, मिठाई, शिवणकाम आले. २००४ मध्ये हम्माम, म्हणजे सार्वजनिक स्नानगृह, सुरू झाले. ज्या स्त्रियांकडे शहर अपवित्र म्हणून पाहत होते, त्यांच्याच हातून शहरातील बायका शुचिर्भूत होऊन बाहेर पडू लागल्या. ही योजना कोणी प्रतीक म्हणून आखली नव्हती. हम्माममध्ये पैसा मिळतो एवढाच हिशेब होता.

संस्थेत आई साधारणतः तीन वर्षे राहून शिकते व कमावते. प्रवेशाची मुख्य अट एकच : मूल तिच्यापाशी राहिले पाहिजे. संस्था तिला वकील मिळवून देते, मुलाची नोंद करविते, शक्य असेल तेथे पित्याला शोधून त्याच्याकडून मुलाचा स्वीकार करविण्याचा प्रयत्न करते, आणि दुरावलेल्या माहेराशी समेट घडविते. १९९६ मध्ये आयशाबाईंचे ‘मिझेरिया’ हे पुस्तक निघाले. त्यात अशा स्त्रियांच्या आणि घरकामासाठी राबविल्या जाणाऱ्या लहान मुलींच्या कहाण्या आहेत. मोरोक्कोच्या फ्रेंच वाङ्‌मयात या पुस्तकाला स्थान मिळाले ते शैलीमुळे नव्हे. जे घराघरांत माहीत होते ते प्रथमच छापून आले म्हणून.

विरोध झाला, आणि तो तीव्र होता. २००० मध्ये अल जझीरा वाहिनीवर त्यांची मुलाखत झाल्यानंतर काही मशिदींतून त्यांच्यावर व्यभिचाराला उत्तेजन दिल्याचा आरोप झाला. कार्य थांबवावे असे त्यांच्या मनात आले. त्याच वर्षी राजे सहावे मोहम्मद यांनी त्यांना सन्मानपदक दिले, तेव्हा राजाश्रयाच्या छायेत संस्था तगली. आयशाबाईंनी धर्माशी फारकत घेतली नाही. आपले काम हीच आपली धर्मसेवा, आणि जन्मलेल्या मुलाला दोषी धरणे इस्लामला मान्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. ओपस पुरस्काराची श्रद्धेविषयीची अट त्या ज्या सहजतेने पुरी करीत होत्या, ती सहजता त्यांच्या टीकाकारांना सर्वाधिक खुपत असावी.

आता आयर्लंडकडे वळावयास हवे. सेंट थॉमसची स्थापना १८८५ मध्ये आर्चबिशप जॉन आयर्लंड यांनी केली. त्यांचा जन्म किल्केनी परगण्यातला. दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या आयरिश कुटुंबांपैकी त्यांचे एक. मिनेसोटाच्या माळरानावर आयरिश कॅथलिकांच्या वसाहती वसविण्यात त्यांचा पुढाकार होता, आणि जी शिक्षणसंस्था त्यांनी उभारली तिचे १९९० मध्ये विद्यापीठ झाले. या लोकांनी मागे ठेवलेल्या देशात, १९२२च्या स्वातंत्र्यानंतर, कुमारी मातांसाठी ‘माता-शिशु गृहे’ चालू झाली. त्यांतील पुष्कळशी धर्मभगिनींच्या संघांकडे होती. या मुलींना घरातून काढले जाई, त्या गृहात बाळंत होत, काही काळ तेथे राबत, आणि मग मूल दत्तक म्हणून दुसरीकडे जाई. अशी दोन हजारांहून अधिक मुले अमेरिकेत पाठविली गेली. याखेरीज मॅग्डलेन धुलाईगृहे होती. १९२२ ते १९९६ या काळात सुमारे दहा हजार स्त्रिया त्यांत गेल्या. शेवटचे धुलाईगृह १९९६ मध्ये बंद झाले, म्हणजे ज्या वर्षी कासाब्लांकात ‘मिझेरिया’ प्रसिद्ध झाले त्याच वर्षी.

मे २००९ मध्ये, नोत्र दामचा वाद गाजत असतानाच, आयरिश शासनाने नेमलेल्या आयोगाचा अहवाल बाहेर आला. धर्मसंघांच्या ताब्यातील शाळांमध्ये मुलांचा झालेला छळ त्याने पानोपानी मांडला. माता-शिशु गृहांचा अधिकृत अहवाल यावयास जानेवारी २०२१ उजाडावा लागला. अठरा संस्था, सुमारे छप्पन्न हजार माता, सत्तावन्न हजार मुले, आणि त्यांपैकी सुमारे नऊ हजार मुलांचे मृत्यू, असे त्यातील आकडे आहेत. पंतप्रधानांनी देशाच्या वतीने क्षमा मागितली. एक गोष्ट न्यायबुद्धीने नोंदविली पाहिजे : ही गृहे केवळ धर्मसंस्थेने लादलेली नव्हती. मुलींना तेथे पोहोचविणारे बहुधा त्यांचे स्वतःचे आईबाप होते, आणि खर्च शासन करीत होते. कासाब्लांकाच्या कचेरीतील त्या बाईप्रमाणेच तेथील धर्मभगिनींनाही आपण नियमानुसार आणि हिताचेच करीत आहोत असे वाटत होते.

सेंट थॉमसमध्ये झालेल्या निवडीचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. पोटातील जीव जपावा ही धर्मसंस्थेची शिकवण. त्या शिकवणीला आयशाबाईंच्या कार्याची बाधा नव्हती, उलट तिचीच ती परिणती होती. मूल जन्मास यावे असे सांगणाऱ्याने आईला जगण्याची वाट दाखविली पाहिजे, हे त्यांनी स्वयंपाकघर काढून दाखविले. नोत्र दामच्या वादात दोन्ही पक्ष तत्त्वावर भांडत होते. मिनेसोटात कोणालाही तत्त्व सोडावे लागले नाही. १९६५च्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने मुसलमानांविषयी आदर व्यक्त करणारा जाहीरनामा संमत केला होता. त्यानंतरच्या चव्वेचाळीस वर्षांत ख्रिस्ती-मुस्लिम संवादाच्या परिषदा पुष्कळ झाल्या. परंतु संवाद करणारे बहुधा पंडित आणि बहुधा पुरुष असत. येथे एका परिचारिकेचे काम पाहून निर्णय झाला.

या पुरस्काराच्या इतिहासात मुंबईचेही एक पान आहे. २००५चा मुख्य पुरस्कार मुंबईतील जेझुइट धर्मगुरू ट्रेव्हर मिरांडा यांना, झोपडपट्टीतील व ठाणे जिल्ह्यातील शाळाबाह्य मुलांना शिक्षणाकडे आणणाऱ्या ‘रीप’ या उपक्रमासाठी मिळाला होता. आयशाबाईंच्या प्रश्नाशी मात्र मराठी समाजाची ओळख त्याहून पुष्कळ जुनी आहे. १८६३ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, आणि तेथे बाळंत झालेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, स्वतःचे नाव देऊन वाढविला. आणि भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये, पित्याचे नाव उघड न करता अविवाहित आईला मुलाचे पालकत्व मिळू शकते असा निर्णय दिला, तेव्हा त्या खटल्यातील अर्जदार माता ख्रिस्ती होती.

पुढे २०१३ मध्ये जॉर्जटाउन या जेझुइट विद्यापीठाच्या यजमानपदाखाली हाच पुरस्कार अफगाणिस्तानच्या सकीना याकूबी यांना मिळाला. तालिबानांच्या राजवटीत मुलींच्या गुप्त शाळा चालविणाऱ्या या बाईही मुसलमान. २००९ मध्ये जे अपवादात्मक वाटले होते ते चार वर्षांत पुरस्काराच्या रीतीत सामावून गेले.

मोरोक्कोतील कायदा इतक्या वेगाने हलला नाही. टँजियरच्या कौटुंबिक न्यायालयाने २०१७ मध्ये, जनुकीय चाचणीने पिता सिद्ध झालेल्या एका विवाहबाह्य मुलीच्या आईला भरपाई देवविली. वरच्या न्यायालयांत तो निकाल टिकला नाही. ४९०वे कलमही आयशाबाईंच्या हयातीत रद्द झाले नाही. पुरस्काराच्या रकमेने संस्थेला काही वर्षांचे स्थैर्य दिले, आणि कासाब्लांकाच्या उपाहारगृहात दुपारच्या जेवणासाठी वकील, बँकेतले कारकून, शिक्षक येत राहिले. आयशा एश्-शन्ना २५ सप्टेंबर २०२२ रोजी कासाब्लांकात वारल्या. त्यानंतर आठच दिवसांनी, ३ ऑक्टोबर रोजी, आयर्लंडमध्ये नव्या कायद्याखाली अर्ज घेण्यास प्रारंभ झाला; दत्तक गेलेल्या प्रत्येकाला आपला मूळ जन्मदाखला, आणि त्यावरील आईचे नाव, मागता येऊ लागले.